शेवटची एसटी साडेसहाला

प्रश्न एका तालुक्याच्या गावातल्या कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयातून आला आहे. विचारणाऱ्या प्राध्यापिका तीन वर्षांपूर्वी रुजू झाल्या. त्या लिहितात: "यंदा स्नेहसंमेलन माझ्या गळ्यात पडलं आहे. डिसेंबरमधला एक आठवडा मिळेल. विद्यार्थी चौदाशे, निम्म्याहून जास्त मुली. पोरांना डे हवेत, डीजे हवा, शेलापागोटे हवेत. प्राचार्यांना फक्त गडबड नको. सुरुवात कुठून करू आणि घाबरायचं नेमकं कशाला?"

मॅडम, सुरुवात एसटी स्टँडवरून करा. थट्टा करत नाही. उद्या कॉलेज सुटलं की वही घेऊन स्टँडवर जा, कंट्रोलरच्या खिडकीपाशी उभ्या राहा आणि तुमच्या पोरांच्या गावांना जाणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते ते गावागणिक लिहून घ्या. कुठली साडेपाचला, कुठली सहाला, कुठली मुक्कामी गाडी साडेसहाला. तो कागद स्टाफरूममधल्या तुमच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. आठवड्यातला प्रत्येक कार्यक्रम त्या कागदावरून उलटा, मागे मागे मोजत आखायचा.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बावीस वर्षं हे काम केलं, त्यातलं पहिलं वर्ष सगळ्यांत थाटाचं आणि सगळ्यांत वाईट. गॅदरिंग संध्याकाळी सातला ठेवलं, कारण लाइट अंधारातच दिसतात. मुलींचं एक कोळीनृत्य होतं, आठ जणींचं, महिनाभर बसवलेलं. पडदा उघडला तेव्हा स्टेजवर पाच जणी. मधल्या रिकाम्या जागा तशाच ठेवून बिचाऱ्या नाचल्या. मी विंगेत संतापलो होतो, "शेवटच्या क्षणी दगा दिला" वगैरे पुटपुटत होतो. दुसऱ्या दिवशी कळलं की त्या तिघी सव्वासहापर्यंत मेकअप करून बसल्या होत्या. आपला नाच गाडीच्या आधी होत नाही म्हटल्यावर तोंड धुऊन, काष्टा पिशवीत कोंबून, गाडी पकडायला पळाल्या. एकीच्या कानामागे दुसऱ्या दिवशीही चमकी होती. त्या दिवशी प्रेक्षकांतल्या खुर्च्या भरलेल्या होत्या, पण भरल्या होत्या गावातल्या पोरांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि गेटवरून आत घुसलेल्यांनी. ज्यांनी वर्षभर स्नेहसंमेलनाची फी भरली त्यांतले अर्धे घरी पोचले होते.

म्हणून माझा पहिला आणि हट्टाचा सल्ला: मुख्य कार्यक्रम सकाळी दहाला सुरू आणि चारला बंद. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, साडेसहाला काळोख. वाडीवस्तीवरच्या मुलीला स्टँडवर उतरून पुढे दोन किलोमीटर चालायचं असतं, तेही ऊस दोन्ही बाजूंना उभा असलेल्या रस्त्याने. लाइटचं काय, असं तुमचा जीएस, म्हणजे विद्यार्थ्यांचा सरचिटणीस, विचारेलच. मांडवाला तिन्ही बाजूंनी जाड पडदे आणि वर काळं कापड लावा, भर दुपारीसुद्धा लाइट खुलतात. कापडाचे पैसे वाढतात, पण जनरेटरचं डिझेल वाचतं.

संध्याकाळ हवीच असेल तर एकच घ्या, आणि तिच्यासाठी गाड्यांची सोय आधी करा. आगार व्यवस्थापकांच्या नावाने प्राचार्यांच्या सहीचं पत्र तीन आठवडे आधी द्या. नुसतं "सहकार्य करावे" लिहू नका. मार्ग, विद्यार्थिसंख्या आणि वेळ असा तक्ता जोडा. मुक्कामी गाडी अर्धा तास थांबवणं त्यांच्या हातात असतं आणि साधारण ते थांबवतात, मात्र कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी जाऊन आठवण करावी लागते, कारण ड्यूटीवरचा कंट्रोलर दुसराच असतो. नाहीतर प्रासंगिक कराराने, म्हणजे अख्खी एसटी भाड्याने, गाडी घ्या. किलोमीटरप्रमाणे आकारणी होते, रक्कम आगाऊ भरावी लागते. बजेटमध्ये स्टेजच्याही आधी ही ओळ लिहा. एक गोष्ट विसरू नका: पोरांचा पास ठरलेल्या मार्गाचा असतो, कराराच्या गाडीत तो चालत नाही. म्हणजे खर्च कॉलेजचा.

आता तारखा. डिसेंबर मोकळा वाटतो, तसा नसतो. सत्र परीक्षा कधी लांबते आणि कधी महिन्याच्या मध्यावर येऊन बसते, तेव्हा परीक्षा विभागाचं परिपत्रक येईपर्यंत मांडववाल्याला इसार देऊ नका. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर बहुधा याच सुमाराला असतं आणि तुमचे कामाचे पन्नास हात तिकडे दत्तक गावात जातात. एनएसएसच्या पोरांशिवाय गॅदरिंग होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी खुर्च्या उचललेल्या नाहीत. इंद्रधनुष्य, अश्वमेध, आविष्कार या विद्यापीठा-विद्यापीठांतल्या कला, क्रीडा आणि संशोधन स्पर्धांच्या तारखाही याच दोन-तीन महिन्यांत कुठेतरी पडतात. तुमची उत्तम गाणारी मुलगी विद्यापीठाच्या संघात असेल तर ती नेमकी त्याच आठवड्यात नसेल. सहा डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे दोन दिवस काही ठेवू नका. महापरिनिर्वाण दिनाला पोरं दादरला चैत्यभूमीवर जातात, आणि त्या दिवशी ढोल वाजवणं कुणालाही शोभत नाही. पंचवीसनंतर पोरं पांगतात. पुणे परिसरात असाल तर एक जानेवारीच्या कोरेगाव भीमाच्या बंदोबस्तामुळे पोलीस ठाण्याकडे तुमच्यासाठी माणूस उरत नाही.

मार्गशीर्षातले गुरुवार पाहून ठेवा. त्या दिवशी घरात घट मांडलेला असतो, मुली लवकर घरी जायचं म्हणतात, निम्म्या जणींचा उपास असतो. खाद्यमेळावा गुरुवारी ठेवून मी एकदा साबुदाणा वडा सोडून सगळे स्टॉल तोट्यात घातले आहेत.

आणि मांडववाला. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त धडाधड लागतात, तेव्हा मांडव, साउंड, आचारी या तिघांचे भाव चढलेले असतात आणि कुणी शब्द पाळत नाही. लग्नघर आणि कॉलेज यांत तो लग्नघरच निवडणार, त्याची चूक नाही. सोळा डिसेंबरच्या आसपास धनुर्मास लागतो, पुढे पौष. मग तोच माणूस "सर, बघा काय द्यायचं ते" म्हणत स्वतः फोन करतो. एकोणीस ते चोवीस डिसेंबर हा माझा आवडता टप्पा त्यामुळेच. शिवाय वीस तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी येते. 1956 साली त्या दिवशी ते गेले. आम्ही मैदान झाडायचं काम त्या दिवशी ठेवायचो. हार घालून पाच मिनिटांचं भाषण, मग दोनशे खराटे. भाषण करणाऱ्याच्या हातातही एक.

शेतीचं एक कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. डिसेंबर म्हणजे कांद्याच्या लागवडीचा आणि गव्हाला पाणी द्यायचा हंगाम. शेतीपंपाची थ्रीफेज वीज रात्रीची असेल तर पोरगा रात्रभर पाणी देत बाऱ्यावर असतो आणि सकाळी सातच्या सरावाला येऊ शकत नाही. ऊसतोडीच्या पट्ट्यात आईबाप कारखान्याच्या तळावर असतात, घरी मोठी मुलगीच घर चालवते. गैरहजरीवरून नाव कापण्याआधी एकदा विचारा.

आठवड्याची बांधणी म्हणाल तर पहिले तीन दिवस खेळ, मग स्पर्धा, मग खाद्यमेळावा, मग मुख्य कार्यक्रम आणि त्याच दिवशी बक्षीस समारंभ. खेळ नऊच्या आधी सुरू करू नका, दव सुकलेलं नसतं आणि कबड्डीच्या मैदानावर पोरगं घसरून गुडघा घेऊन बसतं. रांगोळी, मेंदी, वक्तृत्व यांना जागा लागते आणि परीक्षक लागतात, बाकी फार डोकं लागत नाही. खाद्यमेळाव्यात उकळत्या तेलाच्या कढया पायवाटेच्या कडेला येणार नाहीत एवढं बघा. वाणिज्य शाखेच्या पोरांना जमाखर्च मांडायला लावा आणि नफा पोरांना घेऊ द्या. काही ठिकाणी तो निधीत जमा करून घेतात, मग पुढच्या वर्षी एकही स्टॉल लागत नाही.

एकांकिका ठेवायची असेल तर नवीन बसवायला बसू नका. ज्या पोरांनी ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेत काही केलं असेल त्यांचं तेच परत करायला सांगा. 1963 पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेसाठी पोरं अक्षरशः रक्त आटवतात आणि स्वतःच्या कॉलेजला मात्र ते काम कधी दिसत नाही.

डे. इथे माझं मत थोडं जुनाट वाटेल. पाच दिवस पाच डे ही मोठ्या शहरातून आलेली टूम आहे. टाय डे, मिसमॅच डे, ब्लॅक अँड व्हाइट डे... प्रत्येक डे म्हणजे घरी एक मागणी. मी एकच ठेवत आलो, पारंपरिक वेशाचा, आणि त्यातही एकदा ठेच लागली. साडी डेच्या दिवशी माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी आली नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, पोट दुखत होतं. तिची मैत्रीण मागे थांबून हळूच म्हणाली, "सर, तिच्या आईच्या दोनच साड्या आहेत. एक आईच्या अंगावर असते." पुढच्या वर्षी आम्ही शिक्षिकांच्या घरून साड्या गोळा केल्या. सत्तर-ऐंशी जमल्या, धुऊन इस्त्री केलेल्या. मुलींच्या कॉमन रूममध्ये सकाळी आठपासून दोन मॅडम साडी नेसवायला बसल्या. गंमत म्हणजे ज्यांच्या घरी साड्या होत्या त्याही तिथेच आल्या, कारण नऊवारी नेसवायला आईला येत नव्हती. कोण गरजेपोटी आलं आणि कोण हौसेने, हे कळायला मार्ग उरला नाही. मुलांसाठी फेटे बांधणारा एक माणूस बसवा, फेटा डोक्यावर आला की खालचा शर्ट कुणी बघत नाही.

आता शेलापागोटे. पोरं त्याला फिशपॉन्ड म्हणतात. माझ्या मते आठवड्यात घाबरण्यासारखी खरी गोष्ट हीच. डीजे कानाला लागतो, तो उतरतो. चिठ्ठी उतरत नाही.

शब्द बघा किती सुंदर आहे. शेला आणि पागोटं ही मानाची वस्त्रं, सत्कारात द्यायची. कुणाच्या तरी लकबीवर चार ओळी करून त्याला भर सभेत तो "मान" द्यायचा, अशी ही चेष्टा. जुन्या शिक्षकांवरचे काही शेलापागोटे मला अजून पाठ आहेत. आमच्या भूगोलाच्या सरांना खडू फेकायची सवय होती, त्यांना मिळालेली चिठ्ठी होती, "वारे वाहतात पश्चिमेकडून, खडू येतात फळ्याकडून". सर स्वतः खुर्चीवरून उठून हसले होते.

पण पेटी उघडा आणि बघा आत काय येतं. मी एका वर्षी सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर ओतून ढीग केले. एक ढीग शिक्षकांचा, तो बहुतेक निरुपद्रवी. एक ढीग मुलींच्या रंगावर, उंचीवर, जाडीवर. एक ढीग कुणाचं कुणाशी जुळलंय यावर. आणि एक छोटा ढीग जातीचा, आडून आडून, गावाच्या किंवा आडनावाच्या नावाखाली. तो ढीग वाचताना हात थंड पडतो. हे आधी कळलं नव्हतं, कारण आधीच्या वर्षी छाननी पोरांवर सोपवली होती. त्या वर्षी निवेदकाने एका मुलीचं नाव घेऊन तिच्या रंगावरची चिठ्ठी वाचली. सभागृहात शिट्ट्या. ती शेवटच्या रांगेत होती, हसली, खरंच हसली, शेजारणीला टाळीही दिली. सुट्टीनंतर ती फेब्रुवारीपर्यंत कॉलेजला आली नाही. परीक्षेचा फॉर्म भरायला वडिलांना पाठवलं. वडील खिडकीपाशी उभे राहून मला म्हणाले, "काही नाही सर, घरचं काम असतं."

मग आम्ही रीत बदलली. पेटीला कुलूप, किल्ली एका ज्येष्ठ मॅडमकडे. छाननीला दोन शिक्षिका, एक शिक्षक, एक मुलगी, एक मुलगा. शरीर, जात, प्रेम, घरची परिस्थिती यांवरची चिठ्ठी तिथेच फाडायची, तिची चर्चाही करायची नाही. उरलेल्यांतली जी विद्यार्थ्यावर असेल ती त्याला एकट्याला बोलावून आधी दाखवायची: "ही वाचू का?" नको म्हणाला तर कारण विचारायचं नाही. पहिल्या वर्षी पोरांनी तोंडं वाकडी केली, म्हणाले यात मजा काय. दुसऱ्या वर्षी मजा वाढली, कारण ज्याच्यावर चिठ्ठी आहे तो आधीच उत्तर तयार करून येऊ लागला आणि स्टेजवर सवाल-जवाब रंगू लागला. कायद्याची बाजूही सांगून ठेवतो, पोरांनी हुज्जत घातली तर उपयोगी पडेल. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे. चिडवणं, लाजेनं मान खाली घालायला लावणं त्याच्या व्याख्येत येतं आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. मुलींच्या बाबतीत लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी अंतर्गत तक्रार समिती आहेच. त्या समितीच्या अध्यक्षांनाच छाननीला बसवा, काम सोपं होतं.

पोरांबरोबर काम करताना एक लक्षात ठेवा, जीएस आणि खरा पुढारी ही दोन वेगळी माणसं असू शकतात. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानंतर बरीच वर्षं वर्गात पहिला आलेला विद्यार्थी आपोआप प्रतिनिधी व्हायचा, आणि तो बिचारा गर्दी बघितली की घामाघूम. 2016 च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली खरी, पण नेमलेला असो की निवडलेला, स्वयंसेवकांची फळी उभी करणारा पोरगा तुम्हाला कॅन्टीनमध्येच सापडेल. बहुधा त्याची हजेरी कमी असते. त्याला गेट द्या.

गेट म्हटल्यावर कोचीची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 25 नोव्हेंबर 2023 ला तिथल्या कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात टेक फेस्टच्या वेळी खुल्या रंगमंचावर गाण्याचा कार्यक्रम होता. बाहेर गर्दी थांबलेली, पाऊस आला, सगळे एकदम आत शिरायला धावले, प्रवेशापाशीच खाली उतरणाऱ्या पायऱ्या. पुढचे पडले, मागचे त्यांच्यावर. चार जणांचा जीव गेला. कार्यक्रम सुरूही झाला नव्हता. ती बातमी आल्यावर आम्ही टेप घेऊन आमचा मांडव मोजला. आत यायला एकच कमान होती, फुलांनी सजवलेली, जेमतेम सहा फुटांची, आणि तिच्यापुढेच जोड्यांचा ढीग. तुमच्या मांडवाला आत जायची एक आणि बाहेर पडायच्या किमान दोन वाटा ठेवा, बाहेरच्या वाटांवर टेबल, मोटरसायकल, जनरेटर काही नको. बाहेर लोकांना ताटकळत ठेवून एकदम दार उघडायचं नाही, कार्यक्रमाच्या तासभर आधीच उघडायचं. गेटवर ओळखपत्र बघणाऱ्यांत एक शिपाई, एक शिक्षक आणि तो कॅन्टीनवाला पोरगा असे तिघे. बाहेरून आलेल्या टोळक्याला शिक्षक अडवू शकत नाही, त्याला ते ओळखत नाहीत. तो पोरगा मात्र प्रत्येकाला नावानिशी ओळखतो. पोलीस ठाण्याला पत्र द्या आणि महिला कर्मचारी मागा. पोच घ्या.

साउंड. डीजे नको म्हणून भांडू नका, भांडण हराल. "चांगला साउंडवाला आणतो" म्हणा. चार टॉप आणि दोन बेस स्पीकर चौदाशे पोरांना पुरतात. भिंतीएवढी थप्पी लावली की पहिल्या दहा रांगांना शब्द कळत नाही आणि शेजारच्या दवाखान्यातून फोन येतो. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. शैक्षणिक संस्थेभोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्रातही येऊ शकतो, तेव्हा आपण स्वतःच्याच अंगणात गुन्हेगार ठरायला नको. चारला संपवलंत तर ही कटकटच नाही.

साउंडवाल्याच्या टेबलाशी एक शिस्त लावा. प्रत्येक नाचाचा ट्रॅक आदल्या दिवशी दुपारपर्यंत पेनड्राइव्हवर, फाइलच्या नावात क्रमांक आणि गटाचं नाव: "07 एफवायबीए समूहनृत्य". मोबाइलवरून गाणं लावायचं नाही म्हणजे नाही. आमच्याकडे शिवराज्याभिषेकाच्या प्रसंगात, ऐन गारद सुरू असताना, लावलेल्या मोबाइलवर कुणाच्या तरी मामाचा फोन आला आणि त्याची रिंगटोन पूर्ण मांडवाने ऐकली. महाराज तसेच गंभीर उभे होते, त्या पोराचं मी अजून कौतुक करतो. पेनड्राइव्ह दोन करा. एक त्याच्याकडे, एक तुमच्या पर्समध्ये. लाइव्ह तबला असेल तर दवाने तो उतरतो, वादकाला अर्धा तास आधी आत, पडद्यामागे बसू द्या.

गाण्यांच्या हक्कांचं कुणी तरी येऊन विचारतं, "लायसन्स काढलंय का?" कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शैक्षणिक संस्थेला सवलत आहे, पण ती कॉलेजच्या चौकटीतली: सादर करणारे आपले विद्यार्थी आणि शिक्षक, समोर बसलेले आपलेच विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी. बाहेरचा व्यावसायिक डीजे आणलात, गावाला आमंत्रण दिलंत, तिकीट लावलंत की त्या सवलतीवर विसंबता येत नाही.

वीज मात्र मनापासून बघा. आपल्याकडे जुन्या इमारतीतून एक्स्टेन्शनवर एक्स्टेन्शन काढून स्टेजला वीज देतात. जमिनीवर दव, त्यावर उघडा जोड, त्यावर सतरंजी, सतरंजीवर अनवाणी नाचणारी मुलगी. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवलं की बाकी सूचना आपोआप सुचतात. वायरमनला परवाना विचारा, अर्थिंग केल्याचं दाखवायला लावा, जोड जमिनीपासून वर बांधायला लावा, मेन स्विच कुठे आहे ते तुम्ही स्वतः हात लावून बघा. विज्ञान शाखेतून दोन अग्निशामक नळकांडी आणा आणि त्यांच्यावरची तारीख वाचा.

पैशांचं थोडक्यात. उचल स्वतःच्या नावावर कमीत कमी घ्या, थेट पुरवठादाराच्या नावे चेक काढायला लावा. दरपत्रकं तीन. फुलवाला, भेळवाला यांचं कच्चं बिल येतं, त्यांच्यासाठी व्हाउचर त्याच दिवशी सही करून घ्या, मार्चमध्ये फुलवाला सापडत नाही. पाच हजारांवरच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प, ठेकेदाराचं एक बिल तीस हजारांच्या वर गेलं की टीडीएस. हे लेखापालाला आधी विचारा. बिलं होईपर्यंत स्वतःच्या खिशातून घालू नका. मी घातले आहेत, सगळे परत आले नाहीत.

पाहुणे. नट किंवा नेता आणायचा दबाव येईल. नेत्याची वेळ नेत्याच्या हातात नसते आणि दोन तास ताटकळलेली पोरं खुर्च्या वाजवू लागतात. मी माजी विद्यार्थी बोलवत गेलो: फौजदार झालेली मुलगी, रोपवाटिका काढलेला मुलगा, एकदा एसटीची महिला वाहक. ती वीस मिनिटं बोलली आणि पहिल्यांदाच मागून कुणी हूट केलं नाही. बक्षिसाच्या प्रमाणपत्रांवरची नावं विद्यार्थ्यांकडूनच तपासून घ्या, ज्याचं त्याच्याकडून. वर्षभर राबून खो-खोत पहिला आलेल्या पोराच्या हातात दुसऱ्याच नावाचा कागद गेला की तो तिथे काही बोलत नाही. तो प्रमाणपत्र घरीही दाखवत नाही. आणि बक्षीस समारंभ कार्यक्रमाच्या शेवटी ठेवू नका. मध्ये ठेवा, दुपारी एकला, भरल्या मांडवात.

शेवटच्या दिवसाचं सांगून थांबतो. त्या दिवशी चारला माइक बंद केला की तुमच्याकडे सेल्फी काढायला पोरं येतील, प्राचार्य चहाला बोलावतील, मांडववाला उरलेले पैसे मागेल. या तिघांनाही सांगा, साडेसहानंतर. गावागणिक नावांच्या याद्या घ्या, सीआरना, म्हणजे वर्गप्रतिनिधींना, बरोबर घ्या आणि स्टँडवर चला. आम्ही प्रत्येक गाडीला एक मोठी मुलगी नेमायचो, तिच्याकडे यादी. उतरताना ती एकेक नाव खोडायची आणि घरी पोचली की फोन करायची. माझ्या शेवटच्या वर्षी अकरा गाड्या होत्या. दहा फोन सातपर्यंत आले. अकरावा येईना. घाटाखालचं गाव, रेंज नाही. मी, शिपाई आणि तो कॅन्टीनवाला पोरगा रिकाम्या मांडवात तीन खुर्च्या टाकून बसलो होतो, समोर उलगडलेल्या सतरंज्या, कोपऱ्यात उष्ट्या द्रोणांवर कुत्री. आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. "सर, पोचलो सगळ्या. गाडीत अख्खं कोळीगीत परत म्हटलं, कंडक्टरसुद्धा म्हणत होता." मग शिपायाने मेन स्विच पाडला.